रिपोर्ट आजचा, हिशोब तीन महिन्यांचा

पुरुषांची प्रजननक्षमता आणि रोजच्या सवयी या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे स्त्रियांनी आपल्या पतीच्या वतीने लिहिलेली आहेत, आणि त्यांतील काहींनी ‘मी पत्र पाठवले हे ह्यांना कळू नये’ अशी विनंतीही केली आहे. नावे अर्थातच कोणाचीच छापलेली नाहीत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांना एकच उत्तर दिले आहे.

प्रश्न : माझे वय ३३ वर्षे आहे. सव्वा वर्ष प्रयत्न करूनही पत्नीला दिवस राहत नाहीत, म्हणून मी वीर्यतपासणी करून घेतली. काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, मिलिलिटरला १ कोटी २० लाख आणि एकूण मोटिलिटी, म्हणजे हालचाल करणारे शुक्राणू, ३४ टक्के आली. रोज आठ-दहा सिगारेटी ओढत होतो. त्या दिवसापासून एकही ओढलेली नाही. पाच आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली, तर आकडे जवळजवळ तेच आले. मग सिगारेट सोडून उपयोग काय झाला?

उत्तर : उपयोग झाला की नाही, हे या दुसऱ्या रिपोर्टवरून कळणारच नाही, कारण त्यात जे शुक्राणू मोजले गेले त्यांची घडण तुम्ही सिगारेट सोडण्याआधीच सुरू झालेली होती. वृषणातील मूळ पेशीपासून शेपटीसह पूर्ण शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात. त्यानंतर वृषणाला चिकटून असलेल्या एपिडिडिमिस नावाच्या लांबलचक, वेटोळ्या नलिकेतून पुढे सरकताना त्याला पोहण्याची क्षमता येते, आणि त्यात आणखी दीड-दोन आठवडे जातात. त्यामुळे कोणतीही सवय सोडल्याचा किंवा लावून घेतल्याचा परिणाम पाहायचा असेल, तर तीन महिने थांबून तपासणी करावी. त्याआधी केलेली तपासणी पैसे आणि धीर दोन्ही खर्च करते.

धुराचा शुक्राणूंवर इतका परिणाम का व्हावा, याचे कारण त्यांच्या घडणीतच आहे. पोहण्यासाठी हलके होता यावे म्हणून शुक्राणू शेवटच्या टप्प्यात पेशीतील बहुतेक द्रव टाकून देतो आणि त्या द्रवाबरोबर ऑक्सिडेशनपासून बचाव करणारी त्याची शिदोरीही जाते. तंबाखूच्या धुरातून येणारा ऑक्सिडेटिव्ह ताण आणि कॅडमियमसारखे धातू त्याला त्यामुळे अधिक बाधतात. संख्या आणि हालचाल तर घटतेच, शिवाय डोक्यातील डीएनएचे धागे तुटतात आणि हे तुटणे नेहमीच्या वीर्यतपासणीत दिसतही नाही. म्हणजे आकडा समजा फारसा हलला नाही, तरी आतला माल सुधारलेला असू शकतो. तंबाखू ओढण्याऐवजी चघळली म्हणून शुक्राणू वाचतात, असे मात्र कोणी समजू नये.

आता आकड्यांविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत वीर्याचे प्रमाण १.४ मिलिलिटर, संख्या मिलिलिटरला १ कोटी ६० लाख, एकूण हालचाल ४२ टक्के आणि योग्य आकाराचे शुक्राणू ४ टक्के अशा खालच्या मर्यादा दिलेल्या आहेत. त्या कशा ठरवल्या, हे कळल्यावर त्यांची भीती बरीच कमी होते. ज्यांच्या पत्नीला वर्षभराच्या आत दिवस राहिले अशाच पुरुषांचे आकडे घेतले, आणि त्यांच्यातील तळाचे पाच टक्के जिथे संपतात तिथे रेघ मारली. म्हणजे रेघेखालचे ते पाच टक्के पुरुषही बाप झालेलेच होते. तुमचे आकडे रेघेच्या खाली आहेत, पण त्याचा अर्थ मूल होणार नाही असा नसून वेळ लागू शकतो असा आहे. शिवाय एकाच माणसाचे आकडे दर आठवड्याला वरखाली होतात. दोन तपासण्यांपूर्वी संयमाचे, म्हणजे वीर्यपात टाळण्याचे, दिवस सारखे नव्हते किंवा मध्ये ताप येऊन गेला, तरी तुलना फसते.

सिगारेट पुन्हा सुरू करू नका, आणि तीन महिने पूर्ण होण्याची वाट न पाहता एकदा डॉक्टरांकडून अंगतपासणी करून घ्या. वृषणाभोवतीच्या शिरा फुगणे, म्हणजे व्हेरिकोसील, सर्वसाधारण पुरुषांपैकी सुमारे १५ टक्क्यांमध्ये आढळते, तर वंध्यत्वासाठी तपासलेल्या पुरुषांत ते प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जाते. ते हाताला लागते, रिपोर्टमध्ये दिसत नाही, आणि सिगारेट सोडून जात नाही.

प्रश्न : माझे पती ३० वर्षांचे आहेत. चार वर्षे नियमित जिम करतात, शरीर अतिशय पिळदार आहे, कोणतेही व्यसन नाही. तपासणीत शुक्राणू शून्य निघाले. ट्रेनरच्या सांगण्यावरून ते मधूनमधून ‘कोर्स’ म्हणून काही इंजेक्शने घेतात, पण ती पुरुषी हार्मोनचीच असल्याने त्यांनी ताकद वाढते, कमी कशी होईल, असे त्यांचे म्हणणे आहे. इतक्या निरोगी माणसात दोष कसा?

उत्तर : आपल्या पतीचा तर्क वरवर अगदी बरोबर वाटतो, आणि म्हणूनच तो इतक्या तरुणांना फसवतो. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. पहिल्याच्या आदेशावरून वृषण टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन तयार करते आणि दुसऱ्याच्या मदतीने शुक्राणूंची निर्मिती चालते. मेंदू रक्तातील टेस्टोस्टेरॉनकडे सतत लक्ष ठेवून असतो. बाहेरून इंजेक्शनने ते ओतले, की त्याला वाटते माल भरपूर आहे, आणि तो दोन्ही आदेश बंद करतो. शुक्राणू घडण्यासाठी वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनची पातळी रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असावी लागते. ती आतच तयार व्हावी लागते, रक्तातून तिथपर्यंत पोहोचवता येत नाही. म्हणून रक्तात पुरुषी हार्मोन उतू जात असताना वृषणात दुष्काळ पडतो. स्नायू फुगतात, वृषण आकसते.

हा परिणाम इतका खात्रीचा आहे, की टेस्टोस्टेरॉनची साप्ताहिक इंजेक्शने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून चालतील का, याचीच जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांत चाचणी घेतली होती. तिचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले; त्यांत भाग घेतलेल्या निम्म्याहून अधिक पुरुषांच्या वीर्यातील शुक्राणू सहा महिन्यांच्या आत शून्यावर आले होते. तुमचे पती बाप होण्याचा प्रयत्न करत असताना, न कळत, एक प्रकारचे गर्भनिरोधकच घेत आहेत.

दिलासा असा, की बहुतेकांमध्ये ही अवस्था उलटते. गर्भनिरोधनाच्या चाचण्यांत इंजेक्शने थांबवल्यावर सुमारे दोनतृतीयांश पुरुषांची संख्या सहा महिन्यांत आणि सुमारे ९० टक्क्यांची वर्षभरात मिलिलिटरला २ कोटीपर्यंत परत आली. उरलेल्यांना दोन वर्षांपर्यंत वेळ लागला. मात्र त्या चाचण्यांतील मात्रा मोजून दिलेल्या होत्या. जिममधील ‘कोर्स’मध्ये अनेकदा दोन-तीन स्टिरॉइडे एकत्र आणि कितीतरी अधिक मात्रेत घेतली जातात, त्यामुळे तोच वेळ गृहीत धरता येणार नाही. इंजेक्शने बंद करावीत, परंतु डॉक्टरांच्या देखरेखीखाली. कारण अचानक थांबवल्यावर काही महिने थकवा, निरुत्साह आणि कामेच्छा कमी होणे असा काळ येतो, आणि त्याच काळात पुष्कळजण पुन्हा इंजेक्शनाकडे वळतात. तो काळ लवकर सरावा म्हणून ट्रेनरने सुचवलेल्या गोळ्याही घेऊ नयेत. शुक्राणू शून्य असण्याला मार्गातील अडथळा किंवा जनुकीय कारणेही असू शकतात, म्हणून एफएसएच, एलएच आणि टेस्टोस्टेरॉन यांची रक्ततपासणी आधी करून घ्यावी. आणखी एक सांगतो : थकवा येतो म्हणून काही ठिकाणी डॉक्टरही टेस्टोस्टेरॉनचे जेल किंवा इंजेक्शन लिहून देतात. मूल हवे असलेल्या पुरुषाने ते देणाऱ्याला आपली ती इच्छा आधी सांगितली पाहिजे.

प्रश्न : लॅपटॉप मांडीवर ठेवणे, घट्ट अंतर्वस्त्रे, खिशातील मोबाइल, गरम पाण्याची आंघोळ, लांबवर दुचाकी चालवणे या सर्वांनी नपुंसकत्व येते असे वाचले. यांतले खरे किती? (या आशयाची एकूण नऊ पत्रे आली.)

उत्तर : प्रथम शब्दाची दुरुस्ती. लैंगिक संबंध ठेवण्याची क्षमता आणि मूल होण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. येथे प्रश्न दुसरीचा आहे.

शुक्राणूंच्या निर्मितीसाठी वृषणाचे तापमान शरीरापेक्षा २ ते ४ अंश सेल्सिअसने कमी असावे लागते, आणि म्हणूनच निसर्गाने ते शरीराबाहेर टांगून ठेवले आहे. त्या पिशवीची त्वचा उन्हाळ्यात सैल पडते आणि थंडीत आक्रसते, तेही याच कारणाने. तेव्हा उष्णतेचा मुद्दा मुळात खरा आहे. फरक आहे तो मात्रेचा. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांडीवर लॅपटॉप ठेवून तासभर बसलेल्या पुरुषांच्या वृषणकोशाचे तापमान अडीच अंशांहून अधिक वाढल्याचे दिसले, आणि त्यातला मोठा भाग लॅपटॉपपेक्षा मांड्या जुळवून बसण्याचाच होता. २०१८ मध्ये ६५६ पुरुषांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला; त्यात सैल अंतर्वस्त्रे घालणाऱ्यांची शुक्राणुसंख्या सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होती, पण घट्ट घालणाऱ्यांची सरासरीही सामान्य मर्यादेतच होती. म्हणून माझा सल्ला असा, की लॅपटॉप टेबलावर ठेवा, अंतर्वस्त्रे सैल घ्या, आणि हे दोन्ही करून झाल्यावर त्याबद्दल विचार करणे सोडून द्या. ज्याचा काउंट ५० लाख आहे त्याचा तो चड्डी बदलून ५ कोटी होणार नाही.

खरी काळजी करावी ती दीर्घकाळच्या उष्णतेची. भट्टीजवळ, बॉयलरजवळ, वेल्डिंगवर काम करणारे, रोज आठ-दहा तास गाडी चालवणारे आणि वारंवार सौना किंवा गरम पाण्याच्या टबात बसणारे यांच्यात हा परिणाम प्रत्यक्ष मोजता येण्याजोगा असतो. दोन-तीन दिवसांचा कडक तापसुद्धा पुढील दोन-अडीच महिने काउंट खाली आणू शकतो, आणि ताप आल्याचे तोवर रुग्ण विसरूनही गेलेला असतो. कामाच्या जागेचाच विषय निघाला आहे तर रसायनांचेही लिहितो. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील कीटकनाशकाच्या एका कारखान्यात, आपल्यापैकी कोणालाच अलीकडे मुले झालेली नाहीत, हे कामगारांच्याच बोलण्यातून पुढे आले. तपासणीअंती डीबीसीपी हे रसायन दोषी ठरले. तेव्हा शिसे, कीटकनाशके किंवा सॉल्व्हंट हाताळणाऱ्यांनी आपले काम काय आहे, हे डॉक्टरांना न विचारता सांगावे.

मोबाइलबद्दल पुरावा अर्धवट आहे. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधील २,८८६ तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसातून वीसपेक्षा अधिक वेळा फोन वापरणाऱ्यांत शुक्राणूंची संख्या कमी आढळली, पण फोन खिशात ठेवण्याशी तिचा संबंध दिसला नाही. फोन जास्त वापरणारा माणूस झोपतो किती आणि हलतो किती, हेही त्यात मिसळलेले असणार, असे मला वाटते.

प्रश्न : शनिवार-रविवार मद्य घेतो, रोज नाही. चालेल का?

उत्तर : शनिवार-रविवार हे उत्तर नव्हे, किती, हे उत्तर आहे. आठवड्याचे सगळे मद्य दोन रात्रींत रिचवणे हे रोज थोडे घेण्यापेक्षा सौम्य मुळीच नाही. अतिमद्यपान वृषणातील टेस्टोस्टेरॉनची निर्मिती थेट घटवते आणि यकृत बिघडल्यावर स्त्री-संप्रेरकांचे प्रमाणही वाढते. क्वचित आणि बेताने घेणाऱ्यांत ठळक हानी दिसत नाही. तरीही प्रयत्न चालू असलेल्या महिन्यांपुरते ते सोडणे अवघड वाटत असेल, तर तो मुद्दा प्रजननक्षमतेपलीकडचा आहे आणि त्यासाठीही डॉक्टरांशी बोलावे. गांजाचे उत्तर याहून लहान आहे : बंद करा.

प्रश्न : माझे वजन १०४ किलो, उंची पाच फूट सहा इंच, काम बैठे. काउंट कमी आहे. घोरण्याचा त्रास आहे, दिवसा झोप येते. डॉक्टर नुसतेच ‘वजन कमी करा’ म्हणतात. वजनाचा आणि शुक्राणूंचा संबंध काय?

उत्तर : चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे, ती स्वतः संप्रेरकांमध्ये ढवळाढवळ करते. चरबीच्या पेशींतील अ‍ॅरोमाटेज नावाचे विकर टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामध्ये करते, आणि वाढलेले इस्ट्रोजेन पाहून मेंदू वृषणाला द्यायचे आदेश कमी करतो. मांड्या आणि ओटीपोट यांच्या चरबीत वृषणकोश दबून राहिल्याने उष्णता वाढते, ती वेगळीच. तुम्ही लिहिलेले घोरणे आणि दिवसाची झोप यांकडे मात्र तुमच्या डॉक्टरांचे लक्ष अवश्य वेधा. झोपेत श्वास अडत असेल, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया असेल, तर रात्रभर झोप तुटत राहते, आणि टेस्टोस्टेरॉन मुख्यतः झोपेतच वाढत असल्याने त्याची पातळीही घसरते. रक्तातील साखरही तपासा. जुन्या, अनियंत्रित मधुमेहात मज्जातंतू दुबळे होऊन वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाऊ शकते.

वजन उतरवल्याचा उपयोग होतो का? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश अभ्यासात लठ्ठ पुरुषांनी आठ आठवड्यांच्या कमी उष्मांकाच्या आहाराने सरासरी सोळा किलोंहून अधिक वजन घटवले, तेव्हा त्यांच्या वीर्यातील शुक्राणूंचे प्रमाण सुमारे दीडपट झाले. आणि ज्यांनी पुढील वर्षभर वजन पुन्हा वाढू दिले नाही, त्यांच्यातच ती सुधारणा टिकली. इतका कडक आहार स्वतःच्या मनाने सुरू करू नये, पण ‘नुसतेच वजन कमी करा’ हा सल्ला तुम्हाला वाटतो तितका पोकळ नाही.

प्रश्न : काउंट वाढवणाऱ्या झिंक, फॉलिक अ‍ॅसिड आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या किती महिने घ्याव्यात?

उत्तर : शुक्राणूंना ऑक्सिडेशनने इजा होते, तेव्हा अँटिऑक्सिडंट द्यावे, हा विचार सरळ आहे, अनुभव तसा सरळ नाही. झिंक आणि फॉलिक अ‍ॅसिडची मोठी चाचणी अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झाली आणि २०२० मध्ये तिचे निष्कर्ष आले. गोळ्या घेणाऱ्या गटात ३४ टक्के, तर नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणाऱ्या गटात ३५ टक्के जोडप्यांना मूल झाले. शुक्राणूंचे आकडेही सुधारले नाहीत. एखाद्या घटकाची खरोखरच कमतरता असल्यास ती भरून काढावी, हे वेगळे. एरवी या डब्यांपेक्षा तोच खर्च पूर्ण तपासणीवर करावा.

प्रश्न : शुक्राणू साठून राहावेत म्हणून आम्ही महिनाभर संबंध टाळतो आणि ठरावीक दिवशीच ठेवतो. हे योग्य आहे ना?

उत्तर : नाही. फार दिवस साठलेल्या वीर्यात आकडा वाढलेला दिसतो, परंतु त्यात जुने, थकलेले आणि डीएनए तुटलेले शुक्राणू अधिक असतात. स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस हाच गर्भधारणेचा काळ, आणि शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवले, तर कॅलेंडर पाहण्याचीही गरज उरत नाही. बाजारातील बरीच वंगण जेल, आणि लाळसुद्धा, शुक्राणूंची हालचाल मंदावतात, हे लक्षात ठेवावे.

प्रश्न : माझे वय ३६ आहे. दीड वर्ष झाले, माझ्या सर्व तपासण्या झाल्या आणि त्या नॉर्मल आहेत. पती वीर्यतपासणीला तयार नाहीत. ‘आधी सहा महिने व्यायाम करतो, सिगारेट सोडतो, मग पाहू’ असे ते म्हणतात. मी थांबावे का?

उत्तर : थांबू नये. स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असेल, तर वर्षभर नव्हे, सहा महिने प्रयत्न केल्यावरच दोघांचीही तपासणी व्हावी असा संकेत आहे, आणि तुमचे दीड वर्ष आधीच गेले आहे. मूल न होण्याच्या साधारण निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचा एकट्याने किंवा जोडीने वाटा असतो. सवयी सुधारणे चांगलेच, परंतु तपासणी लांबवण्यासाठी त्या सवयींची ढाल केली जाते, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. व्यायामाने अडथळा उघडत नाही आणि संप्रेरकांचा आजार सिगारेट सोडून बरा होत नाही. व्यायाम आजपासून सुरू करावा आणि तपासणी याच आठवड्यात करावी, म्हणजे तीन महिन्यांनी तुलना करण्यासाठी हातात पहिला रिपोर्ट तरी असेल.

संकोचाचे म्हणाल, तर तो फार जुना आहे. १६७७ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील सूक्ष्मदर्शककार अँटोनी व्हॅन लेवेनहूक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली स्वतःचेच वीर्य पाहून शुक्राणूंविषयी लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले, तेव्हा हे किळसवाणे वाटल्यास पत्र नष्ट करावे, असेही त्यांनी लिहिले होते. पण पाहिले मात्र.

आपल्या पतींना लॅबमध्ये सॅम्पल देणे अवघड वाटत असेल, तर बहुतेक लॅब ते घरून आणू देतात. आधीचे दोन ते सात दिवस संयम पाळावा, सॅम्पल लॅबनेच दिलेल्या डबीत घ्यावे, साधा निरोध किंवा जेल वापरू नये, आणि डबी कपड्यांच्या आत अंगाजवळ ठेवून तासाभरात पोहोचवावी. पहिला थोडा भाग सांडला असेल, तर ते लपवू नये. शुक्राणूंचा मोठा वाटा त्या पहिल्या भागातच असतो, आणि लॅबला तसे सांगितले की ते पुन्हा संयम पाळून नवे सॅम्पल मागतात.